लष्करमंत्री फडतरे यांची सयामी तलवार

"तमाम प्रजाजनांस कळविण्यात येते की, श्रीमंत सरकारांनी कृपावंत होऊन सुभेदार लालासाहेब बाळोजी फडतरे, वय वर्षे एकोणपन्नास, बांधा मजबूत, वर्ण निमगोरा, यांस आजपासून हिवरगड संस्थानचे लष्करमंत्री नेमिले आहे. सदर गृहस्थांनी इंग्रज सरकारच्या फौजेत अठ्ठावीस वर्षे एकनिष्ठ चाकरी केली असून त्यांच्या नावावर एकही ठपका नाही. महायुद्ध संपल्यावर सयाम देशी असता तेथील जर्नेल व विद्यमान मंत्री यांनी त्यांचे शौर्य पाहून स्नेहाखातर स्वहस्ते एक तलवार अर्पण केली. ती ते नित्य बाळगतात व हीच त्यांची ओळखीची खूण समजावी. पोहण्यात विशेष प्रवीण. हाताखालील माणसांवर पुत्रवत प्रेम. येणेप्रमाणे सर्वांनी समजून वागावे."

हा मजकूर नाथाजी डुबलने लिहिला. म्हणजे हात त्याचा, शब्द दप्तरातले आणि माहिती खुद्द सुभेदारांची. नाथाजी हिवरगडच्या हुजूर कचेरीत सतरा वर्षं कारकून होता. या सतरा वर्षांत त्याने सत्कार, बडतर्फ्या, दरबारी लग्नं आणि सरकारांच्या हत्तीचा मृत्यू असे सगळे मजकूर एकाच अक्षरात, एकाच शाईने लिहिले होते. त्यांतला हत्तीच्या मृत्यूचा मजकूर सगळ्यांत खरा होता, असं त्याचं मत होतं.

हिवरगड संस्थान एकोणीस गावांचं. सात गावं कृष्णेच्या काठाला, इस्लामपूरच्या अंगाला, उसाची आणि काळ्या मातीची. बाकीची बारा पूर्वेला, जिथं बाजरी आणि हुलगे येतात, तेही आले तर, आणि एरवी मेंढरं चरतात. दोन्हींच्या मध्ये भलत्यांचा मुलूख. संस्थानचा शिपाई पूर्वेकडे समन्स घेऊन निघाला की वाटेत तीन वेळा परराज्यात जाऊन परत स्वराज्यात यायचा.

जवळच्या औंधाने प्रजेच्या हाती कारभार देऊन टाकला तेव्हा हिवरगडच्या सरकारांना वाटलं होतं, हे दुखणं तिथल्या तिथं बरं होईल. सेहेचाळीस साल सरत आलं तरी ते बरं होईना, उलट पसरलं. तेव्हा सरकारांनीही तीन मंत्री नेमायचं कबूल केलं. दोन प्रजेने निवडलेले आणि एक सरकारांचा. सरकारांचा मंत्री असा हवा होता, की जो उभा राहा म्हटलं की उभा राहील आणि बस म्हटलं की बसेल, आणि मधल्या वेळात काही बोलणार नाही. नुकतेच पेन्शनीत आलेले सुभेदार फडतरे ही गोष्ट अठ्ठावीस वर्षं करत आले होते.

लष्कर एकतीस माणसांचं होतं. त्यांतले चार मुदपाकखान्यात आणि दोन मोरांच्या मागे. एक तोफ होती, ती दसऱ्याला उडायची.

नाथाजीला सुभेदारांच्या खात्यात दिला, कारण सुभेदारांना बाळबोध वाचायचं म्हणजे एकेक अक्षर बोटाने दाबून धरावं लागे. फौजेत ते इंग्रजी लिपीतली हिंदुस्थानी शिकले होते आणि सही इंग्रजीतच करत. नाथाजीने कागद पुढे ठेवायचा, रिकाम्या जागेवर बोट टेकवायचं, बोट उचललं की तिथं सही उमटायची. पंधरवड्यात दोघांचे हात असे बसले, की सुभेदार खिडकीतून घोडा बघताबघता राज्य करू लागले.

बाकीचा वेळ ते सयामबद्दल बोलत. त्यांच्या कंपनीचा मुक्काम बँकॉक शहरात होता आणि त्यांचा पहारा एका जर्नेलाच्या बंगल्यावर होता. हा जर्नेल सुभेदारांचा गुरू. त्याचं नाव त्यांना कधीच नीट घेता आलं नाही, म्हणून ते त्याला नुसतं 'आमचे जर्नेलसाहेब' म्हणत.

"ऐक, नाथ्या," सुभेदार म्हणायचे. चारचौघांत ते त्याला नाथाजीराव म्हणत, दार लोटलेलं असलं की नाथ्या. "आधी साधा लफटन. मग कर्नल. राजाचं राज्य उलथवलं तवा उलथवणाऱ्यांच्या मागं हुबा. जर्नेल झाला. जपानी आलं, तवा जपान्यांच्या गळ्यात गळा. आमी गेलो, तवा आमच्या सायबाला चा. आन आता मिनिष्टर. तांदळाच्या खात्याचा. तीन राज्यं फिरली गड्या, खुर्ची न्हाई फिरली."

"आणि त्याच्या हाताखालची माणसं?" नाथाजीने एकदा विचारलं.

"ती कशाला ध्यानात ऱ्हात्यात," सुभेदार म्हणाले.

सुभेदारांची स्वतःची चढणही फार निराळी नव्हती, फक्त पायऱ्या लहान होत्या. पुढचे गोळीला गेले, वरचे पेन्शनीला गेले आणि मधे फडतरे उरले. बेचाळीस साली ते हवालदार होते आणि रंगरूट भरतीवर होते. पूर्वेकडच्या बाजारात टेबल मांडून बसायचे. तिथं त्यांनी धुळा खरात नावाचा एक धनगर हेरला. खरातवाडीचा धुळा आडमुठा एडका नुसत्या कानात बोलून ओढत नेत होता. खेचरांच्या कंपनीला असलीच माणसं लागतात. सुभेदारांनी त्याला तिथल्या तिथं अंगठा उठवायला लावला आणि धुळाची बायको हरणाबाई एडका घेऊन एकटी घरी गेली.

धुळा पुढे त्यांच्याच कंपनीत राहिला, ब्रह्मदेशातून सयामपर्यंत गेला आणि पंचेचाळीसच्या दिवाळीनंतर त्याची पत्रं थांबली. मग सरकारी कागद आला, की सदर इसम हुकमाशिवाय गैरहजर. कागद वाचणारा खरातवाडीत कुणी नव्हता, म्हणून काही महिने त्याचा त्रास झाला नाही. सुभेदार पेन्शनीत घरी आल्याचं कळल्यावर हरणाबाई चालत चालत त्यांच्या कृष्णाकाठच्या गावी गेली. ओसरीवर पाचपन्नास माणसं लढाईच्या गोष्टी ऐकत बसली होती. त्यांच्यासमोर सुभेदारांनी तिला सांगितलं, "पळाला त्यो. तिकडं बाया लय देखण्या. केली असंल एखादी. वाट बघू नगंस."

ओसरी हसली. ते हसू बाजाराच्या वाटेने हरणाबाईच्या आधी खरातवाडीत पोचलं.

खरातांच्या घराला एक मान होता. बिरोबाच्या चैत्री जत्रेत पालखी उठायच्या आधी भंडाऱ्याची पहिली मूठ त्या घरच्या कर्त्याने उधळायची. धुळाचा बाप नानासो चाळीस वर्षं ती मूठ उधळत होता. सत्तेचाळीसच्या जत्रेत पंच म्हणाले, ज्या घरचा गडी फौजेतनं पाठ दाखवून पळाला, त्या घरची मूठ देवाला कशी चालंल. मूठ दुसऱ्या घराने उधळली. नानासो मेंढरांजवळ बसून राहिला आणि त्या दिवसापासून त्याने पिवळा रंग दिसला की तोंड फिरवायला सुरुवात केली.

नाथाजीला हे सगळं कळत गेलं, कारण सोमवारच्या बाजाराला हरणाबाई हिवरगडला यायची आणि कचेरीच्या पायरीवर बसायची. तिला एक कागद हवा होता. धुळा जिता असेल तर जिता, मेला असेल तर मेला, असं लिहिलेला.

"दादा," ती नाथाजीला म्हणाली, "कुकू लावलं तर बाया हसत्यात. पुसलं तर सासरा रडतुया. एक कायतरी ठरवून द्या."

सुभेदारांनी तिला आत बोलावलं. लष्करमंत्री म्हणून ते सोमवारी गाऱ्हाणी ऐकत, कारण सोमवारी गर्दी असते. "सयाम सरकारला लिवतो," ते म्हणाले. "आमचे दोस्त तितं मंत्री हायत. नाथाजीराव, लिवून घ्या."

नाथाजीने लिहून घेतलं. पत्र कुठं पाठवायचं ते सुभेदारांनी सांगितलं नाही, त्यानेही विचारलं नाही. पत्र बासनात गेलं. पुढच्या सोमवारी हरणाबाई आली तेव्हा सुभेदार म्हणाले, "दर्या हाय मधी. टाइम लागतो."

तीन-चार सोमवार झाले आणि तिने एक घोंगडं आणलं. सासऱ्याने कातरलेल्या लोकरीचं, स्वतः कातून विणून घेतलेलं, काळंभोर, पांढऱ्या काठाचं. सुभेदारांनी ते हाताने चाचपलं, चौघडी करून खुर्चीवर अंथरलं आणि त्यावर बसले. "गरम हाय," ते म्हणाले. त्या दिवसापासून लष्करमंत्री त्या घोंगड्यावर बसून कारभार करू लागले.

मग दसरा आला. हिवरगडला दसऱ्याला शस्त्रं उघडी करून देवीपुढे मांडतात. म्यानात हत्यार ठेवून पूजा करणं म्हणजे देवीला झाकल्या ताटाचा नैवेद्य दाखवणं. खुद्द सरकारांची तलवारही नागवी होते. सयामी तलवार मात्र म्यानातच राहिली. त्याआधी महिनाभर सुभेदारांनी ती, घरी परवाना नको म्हणून, संस्थानच्या शस्त्रांच्या यादीत चढवून घेतली होती, त्यामुळे ती पूजेत आणणं भाग होतं.

सरकार म्हणाले, "फडतरे, पातं दिसू दे की."

सुभेदारांनी टाचा जुळवल्या. "तिकडचा रिवाज हाय सरकार. दोस्तीची तलवार रगत पाजायचं असल्याबिगर उपसत न्हाईत."

सरकारांना हा रिवाज फार आवडला. नाथाजी मागे उभा होता. पूजेच्या तयारीत त्याने सुभेदारांना कोठीच्या आडोशाला पाहिलं होतं. म्यान दोन्ही गुडघ्यांत धरून ते मूठ ओढत होते आणि मानेच्या शिरा फुगल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी राजपत्राचा मजकूर घालायचा होता. नाथाजीने दौत जवळ ओढली आणि विचारलं, "साहेब, रिवाजाचं लिहू का, की पातं गंजलंय म्हणून नुसतं 'पूजा यथासांग झाली' असं लिहू?"

सुभेदारांनी दाराकडे पाहिलं. दार लोटलेलं होतं. मग ते हसले. चोराला चोर सापडल्यावर येतं तसं मोकळं हसू होतं आणि नाथाजीला ते फार लागलं.

"तुला काय लपवायचं, नाथ्या," ते म्हणाले. "म्यानात पाणी गेलंय. बक्षीस कसलं घेऊन बसलास. जर्नेलाच्या घरामागं कालवा हुता. आमी पहाऱ्यावर गेलो त्या दिशी सकाळी त्यानं सोता ही तलवार कालव्यात टाकली. जपानी दोस्तानं दिल्याली हुती. इंग्रजाला दिसाय नगो म्हणून. मी फाटकातनं बघितलं."

"म्हणजे सयामी पण नाही."

"सयामातनं आणली म्हंजे सयामी. आता मला पायजे हुती ती. दुपारी धुळ्याला बोलावला."

नाथाजीने टाक दौतीत ठेवला.

"धुळ्या म्हटलं, उतर. त्यो म्हणाला, व्हय साहेब. फौजेत न्हाई कोण म्हणतं? आता मला काय ठावं, की ह्येला पोहता येत न्हाई? आमच्याकडं पाच वरसाचं पोर किष्णा वलांडतंय. ही पूर्वंकडची माणसं, जलमात ढोपराच्या वर पाणी बघितल्यालं न्हाई. त्येनं वर्दी उतरवली, लंगोट आवळला, खेचराला कायतरी सांगितलं आन उतरला. पायानं चाचपत गेला मधापातूर. घावली तलवार. काठाकडं येताना चिखलात पाय गेला. नुसता हात वर. हातात तलवार. मी वाकून धरली."

"हात?"

"तलवार," सुभेदार म्हणाले. "माजी तलवार धरून हुईस्तवर हात गेला खाली."

खिडकीबाहेर मोर ओरडला. मोरांमागचा शिपाई त्याला हाकत होता.

"तुम्हाला तर पोहता येतं," नाथाजी म्हणाला.

"इस्त्रीची वर्दी हुती रं अंगावर. चारला परेड. आन घडीभर लागतो का असल्या गोष्टीला. पाणी व्हातं हुतं, गेला. मग रिपोर्टात काय लिवायचं? खाजगी कामाला शिपाई बुडवला म्हणून? गैरहजर लिवलं. सायबानं सही केली." त्यांनी किटलीतला चहा बशीत ओतून नाथाजीपुढे सरकवला. "घे. आन रिवाजाचंच लिव. सरकारास्नी आवडलाय."

नाथाजीने रिवाजाचंच लिहिलं. 'सयामी परंपरेस अनुसरून' असा शब्दप्रयोग त्याने स्वतःच्या मनाने घातला आणि सुभेदारांनी तो दोनदा वाचून घेतला. चहा मात्र त्याने घेतला नाही. पित्त झालंय म्हणाला. त्या दिवसापासून त्या किटलीतला चहा समोर आला की त्याला गढूळ पाण्याचा वास यायचा. सुभेदार रोज विचारायचे, पित्त कसं हाय. रोज तो म्हणायचा, तसंच आहे.

त्याने आणखी काही केलं असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. केलं नाही. कार्तिक, मार्गशीर्ष, पौष, माघ गेले. सोमवारी हरणाबाई यायची, पायरीवर बसायची, विचारायची, "आलं का दादा पत्तर?" आणि नाथाजी म्हणायचा, "अजून नाही." हे वाक्य खरं होतं, आणि त्याच्या तोंडून गेल्या सतरा वर्षांत निघालेल्या वाक्यांत सगळ्यांत घाण होतं. घरी जाऊन तो चूळ भरायचा. मग जेवायचा. जेवण जात होतं, याचीच त्याला जास्त किळस यायची.

माघातल्या एका सोमवारी ती म्हणाली, "म्हातारा आता उठत न्हाई. चैत्रातली जत्रा बघंल, म्होरली न्हाई बघायचा. पंच म्हणत्यात, सरकारी शिक्क्याचा कागद आण, की गडी पळाला न्हाई, मेला. मग मूठ तुमची. दादा, मेला असंल का वं?"

नाथाजीने दप्तराची दोरी आवळली. "मला काय माहीत, बाई."

ती उठली. "तुमास्नी ठावं असंल तर वंगाळ वाटून घिऊ नगा," ती म्हणाली. "रडायचं ते मी येडका घिऊन घरी आले तवाच रडून घेतलंय." आणि बाजाराकडे गेली.

फाल्गुनाच्या सुरुवातीला हिवरगड संस्थान मुंबई इलाख्यात विलीन होणार हे नक्की झालं. आठ मार्च ही तारीख ठरली. राज्य बुडण्यापूर्वी त्याचे कागद निकालात काढायचे असतात. शेवटच्या दिवशी दुपारी लष्करमंत्र्यांच्या टेबलावर दीडशेवर कागद होते आणि संध्याकाळी नव्या अधिकाऱ्यांच्या स्वागताची कमान उभी राहायची होती. त्या स्वागत समितीचे अध्यक्षही फडतरेच होते. खादीची टोपी त्यांनी खिशात घालून आणली होती.

नाथाजीने आदल्या दिवशी एक कागद स्वतःच्या अक्षरात लिहिला होता. संस्थानचा ठसा वर, शिक्क्याची जागा खाली. तोफेच्या शिल्लक दारूचा कागद आणि मोरांच्या ताब्याचा कागद यांच्या मधे त्याने तो घातला. सतरा वर्षांतला पहिला मजकूर, ज्यात दप्तराचा एकही शब्द नव्हता.

बोट टेकत होतं, उचलत होतं, सह्या उमटत होत्या. त्या कागदावर नाथाजीचं बोट टेकलं, पण उचललं नाही. सुभेदारांनी खिडकीवरची नजर खाली आणली.

"ह्ये काय?"

"मयताचा दाखला."

"कुणाचा?"

"धुळा खरात."

सुभेदारांनी त्याच्याकडे पाहिलं. नाथाजीने मान खाली घातली नाही. सुभेदारांनी कागदावर बोट ठेवून 'धु' आणि 'ळा' ही दोन अक्षरं दाबून वाचली. पुढच्या ओळी बऱ्याच होत्या. बाहेर कमानीसाठी केळीचे खुंट आले होते आणि कुणीतरी त्यांना हाक मारत होतं.

"हात्तिच्या," ते म्हणाले. "मेला म्हणून लिव की. आता काय बिघडतंय? राज्यच उरत न्हाई, तर जाब कोण इचारतोय?" आणि सही केली. "बिचारी लय दिस हेलपाटं घालती. तेवढंच पुण्य."

नाथाजीने शिक्का उठवला. त्याला वाटलं होतं, आपण काहीतरी हिमतीचं काम करतोय. चार महिने त्याने त्यासाठी छातीत वारा भरला होता. आणि हे काम इतकं स्वस्त होतं. दसऱ्यानंतर कुठल्याही सोमवारी, दोन मोरांच्या ओरडण्याच्या मधे, ते होण्यासारखं होतं. सुभेदारांनी ते केलं नाही, कारण त्यांच्या मनात आलं नाही. त्याने स्वतः केलं नाही, आणि त्याच्या मनात तर रोज येत होतं.

संध्याकाळी सुभेदारांनी कमानीखाली भाषण केलं. आपण बेचाळीसपासून भूमिगतांना आतून मदत करत होतो, असं त्यांनी सांगितलं. त्यातली बरीच वर्षं ते ब्रह्मदेशात आणि सयामात होते, हे कुणी काढलं नाही. टाळ्या झाल्या. खुर्ची त्यांनी आठवण म्हणून घरी नेली, घोंगड्यासकट.

चैत्रात नाथाजी खरातवाडीला गेला. वाटेत आता एकही परराज्य लागलं नाही. बिरोबाच्या देवळापुढे पंच बसले होते. नानासोला बाजेवरून आणला होता. नाथाजीने कागद उघडून मोठ्याने वाचला:

"धुळा नानासो खरात हा फौजेतून पळाला नाही. सयाम देशात बँकॉक शहरी सुभेदार लालासाहेब फडतरे यांनी त्याला स्वतःच्या हौसेची तलवार काढायला कालव्यात उतरवला. त्याला पोहता येत नव्हतं. तलवार त्याने काढून दिली. सुभेदार काठावर होते, त्यांना पोहता येतं. त्यांनी तलवार धरली. धुळा बुडून मेला. मग त्यांनी त्याला गैरहजर लिहिला. खाली सही, लष्करमंत्री."

ढोलवाल्यांनी ढोल खाली ठेवले. एका पंचाने कागद मागून घेतला, वाचता येत नसताना उलटसुलट करून पाहिला आणि शिक्क्यावर अंगठा फिरवला. "शिक्का हाय," तो म्हणाला.

मग त्यांनी नानासोला उठवून बसवला. भंडारा त्याच्या मुठीत दिला. म्हाताऱ्याच्या हातात जोर नव्हता, मूठ उघडली आणि सगळा भंडारा त्याच्याच पायांवर पडला. पंच म्हणाले, पडला म्हंजे उधळला. पालखी उठली.

हरणाबाई नाथाजीजवळ आली. कपाळ तिने पुसलेलं होतं. त्याने काहीतरी सांगायला तोंड उघडलं. तिने विचारलं, "तुमास्नी कवापासनं ठावं हुतं?"

"दसऱ्यापासून."

तिने मान हलवली, बाजारात भाव ऐकून हलवतात तशी. "भाकरी खाऊन जावा," ती म्हणाली. नाथाजीने भाकरी खाल्ली. तिने वाढली, पण त्यानंतर त्याला दादा म्हटलं नाही.

जत्रा उलगडल्यावर ती कृष्णाकाठी गेली. नाथाजी तिच्या मागोमाग गेला, का ते त्याला सांगता आलं नसतं. सुभेदारांच्या ओसरीवर पुन्हा पाचपन्नास माणसं होती. सुभेदार खादीची टोपी घालून मंत्रिपदाच्या खुर्चीवर बसले होते आणि आता देशाला शिस्तीच्या माणसांची कशी गरज आहे ते सांगत होते. हरणाबाई ओसरी चढून त्यांच्यापुढे उभी राहिली.

"उठा," ती म्हणाली.

"काय गं?"

"घोंगडं माजं हाय."

सुभेदार माणसांकडे बघून हसले. "दिल्यालं बक्षीस कुणी परत मागतं व्हय?"

"बक्षीस न्हवतं त्ये. कामाचं हुतं. काम ह्या कारकुनानं केलं. उठा."

ओसरी या वेळी हसली नाही. जत्रेतला कागद त्यांच्या कानावर आला होता. आला होता तरी ते ओसरीवर येऊन बसले होते, ही गोष्ट वेगळी. सुभेदारांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग अठ्ठावीस वर्षांच्या सवयीने ते उभे राहिले.

तिने घोंगडं काढलं, अंगणात नेऊन दोन वेळा झटकलं, घडी खांद्यावर टाकली. निघताना वळून विचारलं, "पाणी किती खोल हुतं?"

सुभेदारांनी आठवून पाहिलं. खोटं बोलायचं तर आता कारण उरलं नव्हतं.

"लय न्हवतं," ते म्हणाले.

ती गेली. सुभेदार खाली बसले आणि लाकूड गार लागलं म्हणून पुन्हा उठले. आतून सतरंजी आणवली. बोलणं जिथं थांबलं होतं तिथून पुढे सुरू झालं. दोन वर्षांनी ते तालुक्याच्या कुठल्याशा समितीवर गेले आणि पुढे बरीच वर्षं तिथंच राहिले.

तलवार मात्र त्यांना मिळाली नाही. ती संस्थानच्या यादीत होती, म्हणून यादीतल्या बाकी हत्यारांबरोबर साताऱ्याला जमा झाली. तिथं दोन शिपायांनी एकाने मूठ आणि एकाने म्यान धरून ती ओढून पाहिली. मग नोंद झाली: तलवार, नग एक, सयामी, सेनापतीकडून स्नेहाखातर अर्पण. शेरा: म्यानातून निघत नाही.